सोलापूरचा उन्हाळा आणि घरातली मांजरं : कसं सांभाळता?

टेरेसखालची

मंडळी, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली राहते. घरात दोन मांजरं. चिंगी ही आपली साधी गावठी, तिरंगी. तिची काळजी नाही. एप्रिल लागला की ती मोरीत मुक्काम हलवते आणि संध्याकाळशिवाय दिसत नाही. प्रश्न मन्याचा आहे. मन्या पर्शियन बोका, चपट्या नाकाचा, अंगभर लांब केस. बहिणीची बदली झाली म्हणून तो हिवाळ्यात आमच्याकडे आला. त्याचा सोलापुरातला हा पहिला मे.

आमचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती आग खाली सोडत बसतो. आम्ही दोघं कामावर, घरी सासूबाई. कूलरच्या घरघरीनं त्यांचं डोकं दुखतं. एसी एकाच खोलीत, आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा 'दिवसातून तीनदा फरशी पुसून घ्या' छाप सल्ले कृपया नकोत.

त्याचे केस कापून टाकावेत का? दुपारी बारा ते पाच त्याला कुठं ठेवावं? आणि आता डॉक्टरकडे पळायला हवं, हे नेमकं कशावरून ओळखायचं?

पत्रातालीमकर

मांजराला काय होतंय ओ? मूळचं वाळवंटातलं जनावर ते. आमच्या वाड्यात दहा-बारा फिरत असतात, आजवर एकालाही कुणी कूलर लावला नाही. लै लाड करूलालाय तुम्ही.

कडकभाकरी

वर आले बघा आमचे काका. :)

माळवदवाला

काका, वाळवंटाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. घरमांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर. ते कोरड्या मुलखात राहतं हे बरोबर. पण राहतं कसं? दिवसभर बिळात, खडकाच्या कपारीत नाहीतर झुडपाखाली पडून राहतं आणि दिवस मावळला की शिकारीला निघतं. म्हणजे ते ऊन सोसत नाही, ऊन चुकवतं. तुमच्या वाड्यातल्या मांजरांनाही ते जमतं, कारण दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद, जिन्याखालचा अंधार, चौकातली शहाबादी फरशी. एक जागा तापली की ती दुसरीकडे सरकतात. ताईंच्या मन्याला पळून जायला दुसरी जागाच नाही. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये तो तुमच्या-आमच्या भरवशावर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मांजराला 'थंड करण्याच्या' मागे लागू नका. घरातली सगळ्यात गार जागा कोणती ते हुडका आणि तिथवरची वाट चोवीस तास उघडी ठेवा. पुढचं ते स्वतः बघून घेतं. चिंगीनं तुम्हाला उत्तर दिलेलंच आहे : मोरी.

टेरेसखालची

मोरीचं दार सासूबाई बंद ठेवतात, पाय भिजतात म्हणून. आजपासून उघडं. पण मन्या चिंगीच्या जागेवर गेला की ती फिस्कारते.

माळवदवाला

मग दुसरी मोरी उभी करा. ओट्याखालचं एक कपाट रिकामं करा, तळाला शहाबादी नाहीतर कडप्प्याचा सुटा तुकडा ठेवा. फरशीच्या दुकानात उरलेले तुकडे पडलेले असतात, किरकोळ पैशात देतात. फ्लॅटच्या ओट्याखाली ऊन कधीच पोचत नाही. दोन मांजरांत एकच गार कोपरा असेल तर दुबळं मांजर गरम जागी बसून राहतं, आणि तुमच्या घरात दुबळा तो बोकाच दिसतोय.

बोक्याचीआई

मोरीचा विषय निघालाय म्हणून लगेच लिहिते. मोरीत मांजर झोपणार असेल तर तिथं फिनाईल आणि ॲसिड बंद. मांजर त्या फरशीवर लोळतं, मग अंग चाटतं, सगळं पोटात जातं. फिनोल गटातली रसायनं मांजराचं लिव्हर पचवू शकत नाही. साबणाच्या पाण्यानं घासा आणि साध्या पाण्यानं धुवा, बास.

तेच कापराचं. आमच्या शेजारी कूलरच्या टाकीत वासासाठी कापूर टाकतात. मांजराच्या घरात ते नको. डांबर गोळ्याही नकोत, न्हाणीच्या जाळीवर तर मुळीच नकोत.

निवृत्त_पशुवैद्य

नमस्कार. आयुष्य गाई-म्हशींत गेलं, मांजरं निवृत्तीनंतर घरात शिरली. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण गडबड होते ती तिथंच.

मांजराचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यामुळे 'कान गरम लागतात' यावर जाऊ नका. निरोगी मांजराचे कानही मे महिन्यात गरमच लागणार. १०४ च्या वर गेलं की काळजीचं आणि १०५ च्या पुढे उष्माघात. पण घरी थर्मामीटर लावायची झटापट करू नका. घाबरलेलं मांजर झटापटीत आणखी तापतं.

माणूस घामानं गार होतो. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्यानं काही भागत नाही. त्याचं खरं साधन जीभ. अंग चाटून ते केसांवर लाळ पसरवतं आणि ती वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात मांजर जास्त चाटत बसलं, पाय लांब करून फरशीवर आडवं पसरलं, दिवसभर झोपलं, थोडं कमी खाल्लं तर ते ठीक आहे.

ठीक नाही ते असं : तोंड उघडून धापा टाकणं. कुत्रा धापा टाकतो ते त्याचं रोजचं काम. मांजराच्या बाबतीत तो धोक्याचा इशारा समजायचा. खेळून, घाबरून मिनिटभर टाकली आणि शांत झालं तर सोडून द्या. गार जागी नेऊनही थांबत नसेल, लाळ गळत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, चालताना झोक जात असेल, ओकत असेल, तर वाट बघू नका.

अशा वेळी त्याला सावलीत आणा. माठातलं किंवा पिंपातलं साधं पाणी पोटाला, जांघेत, पंजांना, कानांना लावा. केस लांब असतील तर बोटं आत घालून कातडीपर्यंत भिजवा. वर पंखा लावा. बर्फाचं पाणी नको. कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवणं हीसुद्धा चुकीची पद्धत, कारण तो दोन-चार मिनिटांत गरम होतो आणि पांघरुणाचं काम करायला लागतो. टॉवेल खाली अंथरा, अंगावर नाही. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. आणि हे सगळं करत करतच डॉक्टरकडे निघा.

तिथवर पोचेपर्यंत ते उठून बसलं, बरं दिसायला लागलं, तरी परत फिरू नका. उष्माघाताचा मार मूत्रपिंडाला, आतड्याला, रक्त गोठण्याच्या क्रियेला बसतो आणि तो एक-दोन दिवसांनी दिसतो.

चपटं नाक, लठ्ठपणा, म्हातारपण, लहान पिल्लू, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, यांतलं काहीही असेल तर धोका वाढतो. पर्शियनची श्वासाची वाट मुळातच अरुंद, त्यामुळे धाप लागली तरी उष्णता बाहेर पडत नाही. मन्या या यादीत येतो.

टेरेसखालची

काका, खूप आभार. सासूबाईंनी वाचून विचारलंय : माणसाला ऊन लागलं की तळपायाला कांद्याचा रस चोळतात, तसा मांजराला चालेल का?

निवृत्त_पशुवैद्य

अजिबात नाही. चोळलेला रस ते पुढच्या मिनिटाला चाटणार. कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाचंही तेच, म्हणजे शेंगा चटणीचं बोट चाटवणंही नको. आईंना सांगा, कांदा आपल्यापुरता ठेवा.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'अंग तापलंय' म्हणून तापाची गोळी देणारे लोक मी पाहिलेत. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ती पचवायला लागणारं एन्झाइम त्याच्या यकृतात जवळजवळ नाहीच. एक गोळी जीव घेऊ शकते. शिवाय उष्माघात हा ताप नव्हे, त्याला तापाची गोळी लागूही पडत नाही.

पुण्यात_सोलापूरकर

केसांचं राहिलं. वस्तरा मारू नका. केसांचा थर थंडीत जशी ऊब धरतो तसा उन्हात बाहेरची झळही अडवतो. शिवाय गोऱ्या कातडीचं पर्शियन भादरलं की ऊन थेट कातडीवर. खिडकीत बसायची सवय असेल तर आणखीच वाईट. काढायचे ते आतले, मऊ, गळायला आलेले केस. रोज संध्याकाळी बारीक दातांच्या कंगव्यानं विंचरा, गुंता झालेले गोळे कापा. गुंत्यात हवा शिरत नाही. पोटाखालचे केस कात्रीनं आखूड केले तर बिघडत नाही, फरशीवर पोट टेकलं की गारवा नीट पोचतो.

कडकभाकरी

पण वस्तरा मारून सिंहासारखी मान ठेवतात ते इन्स्टावर लै भारी दिसतं ना!

पुण्यात_सोलापूरकर

मन्याला इन्स्टा नाही.

शेळगीचा_उनाड

कूलरवर बोलतो, एसी-कूलर दुरुस्तीचंच काम करतो मी. सोलापूरची हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी, त्यामुळे इथं कूलर फक्कड चालतो. मुंबईच्या पाव्हण्याला पटत नाही, पण आपल्याकडं चालतो. मात्र दोन गोष्टी. एक, खोली बंद करून कूलर लावायचा नाही. समोरची खिडकी वीतभर उघडी पाहिजे, नाहीतर दमट हवा आतच फिरत राहती आणि तासाभरात खोलीची भट्टी होती. मांजर जिभेनं अंग ओलं करतंय म्हणताय ना डॉक्टर? मग हवाच ओली असली तर ते वाळणार कसं?

दुसरं, मेच्या शेवटी वळवाचे ढग येतात तेव्हा काटा ४२ वरनं ३८ वर उतरतो आणि लोकं म्हणतात चला सुटलो. त्याच दिवसांत कूलर निकामी होतो, कारण हवेत पाणी आधीच भरलेलं असतं. जनावरं तेव्हा जास्त घाबरी होतात. त्या आठवड्यात एसी असेल तर तो वापरा, २६-२७ वर, बास झालं.

आईंना आवाजाचा त्रास असेल तर कूलरचा पंप नुसता चालू ठेवा आणि फॅन एक नंबरवर. किंवा जुन्या पद्धतीनं वाळ्याचा पडदा खिडकीला, त्यावर पाण्याचा शिडकावा, आत टेबलफॅन. बादलीभर पाण्यात दुपार निघती. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीही चालतं त्याला.

निवृत्त_पशुवैद्य

शाब्बास, ढगाळ हवेचं अगदी बरोबर सांगितलंत. त्यालाच जोडून : बाहेर चाळीसच्या वर असताना कोरड्या मांजरावर नुसता पंखा मारला तर त्याला गरम वाराच लागतो. आधी हात ओला करून पाठीवरून, पोटावरून फिरवा, मग पंखा.

होटगीरोड_२

एसीच्या खोलीत मांजर कोंडून कामावर जाऊ नका. आमच्या अपार्टमेंटमध्ये एकांनी एसी लावून, दार लावून मांजर ठेवलं, अकराला लाईट गेली ती चारला आली. खिडक्या बंद, पडदे बंद, पश्चिमेची खोली. नशीब कामवाल्या मावशी मधेच आल्या. दाराला लाकडी पाचर लावून मांजर जाईल एवढी फट कायम ठेवा.

टेरेसखालची

बापरे! हेच करणार होते मी.

बोक्याचीआई

आता पाणी. मांजरं मुळात कमी पाणी पितात, आणि कोरड्या खाण्यात पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास असतो. ओल्या खाण्यात पाऊणहून जास्त पाणीच असतं. म्हणून उन्हाळ्यात निदान एक वेळ ओलं द्या : पाकिटातलं, किंवा मीठ-मसाला-हळद काही न घालता उकडलेलं चिकन आणि त्याचंच पाणी. हे सकाळी लवकर आणि रात्री. बेचाळीसच्या उन्हात ओलं अन्न वाटीत पडून राहिलं की अर्ध्या-पाऊण तासात उचलायचं.

पाण्याची वाटी खाण्याच्या ताटलीला चिकटून ठेवू नका, बऱ्याच मांजरांना ते आवडत नाही. तीन-चार ठिकाणी ठेवा. पसरट असावी, मिशा कडेला लागू नयेत. मातीची परळ उत्तम, पाणी आपोआप गार राहतं. कुंभाराकडे दह्याची भांडी मिळतात ती छान.

आणि मन्या बोका आहे म्हणून मुद्दाम सांगते. बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो. पाणी कमी पडलं, लघवी दाट झाली की खडे-चिकट गाळ अडकतो. शी-शूसाठी माती घातलेल्या ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतोय, ओरडतोय, थेंब थेंब होतंय किंवा काहीच नाही, तर 'बद्धकोष्ठ असेल' म्हणून थांबू नका. लघवी अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. रोज ट्रे साफ करताना ओले गोळे किती झाले ते बघत जा, पाणी पितोय की नाही ते तिथंच कळतं.

कडकभाकरी

दूध-ताक चालतं का? आमची मनी ताकावर जीव टाकते.

बोक्याचीआई

चमचाभर ताक, बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं, झेपत असेल तर. दूध टाळा. मोठ्या मांजरांना बहुतेक दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं होतं ते पाणीही जातं.

लूमवाल्याची_सून

इतका वेळ वाचत होते. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, तेव्हा हे करा. टर्किश टॉवेल ओला करून घट्ट पिळायचा आणि फरशीच्या अर्ध्या भागावर अंथरायचा. अर्धा भाग कोरडा ठेवायचा म्हणजे मांजर स्वतः ठरवतं. आमची आधी नुसते पुढचे पंजे ठेवते.

पण एक बघा. दशा असलेला किंवा सुटे लूप निघालेला टॉवेल देऊ नका. आमच्या पूर्व भागात घराघरांत सुताचे तुकडे पडलेले असतात आणि मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले, दोरा एकदा तोंडात गेला की त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. आतड्यात तो ताणला गेला की ऑपरेशन. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तसाच डॉक्टरकडे न्या. चादरीच्या गोंड्यांनाही हेच लागू.

पत्रातालीमकर

हे मात्र खरं बोलली सूनबाई.

विडीघरकुलकर

पत्र्याच्या घराचं कुणीच लिहिलं नाही अजून. सगळ्यांकडं स्लॅब नसतो. आमचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. पत्र्यावर पांढरा चुना मारला की फरक पडतोय. वर कडबा नाहीतर गोणपाट टाकून दोरीनं बांधलं तर आणखी. मांजराची अडचण अशी की त्याला उंच आवडतं, माळ्यावर जाऊन बसतंय, आणि पत्र्याच्या घरात सगळ्यात गरम जागा तीच. माळ्याचं तोंड दुपारी पोत्यानं बंद करा, पण आधी आत डोकावून बघा, पिल्लं आत राहतात.

अजून एक, पाणी साठवायचे पिंप, बॅरल. पाणी रोज येत नाही म्हणून आपण सगळेच भरून ठेवतो. तहानलेलं मांजर काठावर चढतंय, पाणी खाली गेलेलं असलं की वाकतंय आणि आत पडतंय. प्लास्टिकचा काठ गुळगुळीत, नखं रुतत नाहीत. झाकण ठेवून वर वीट ठेवा. हौदाला जाळी.

होटगीरोड_२

+१. आणि गच्चीवर झोपायला जाताना मांजर बरोबर नेत असाल तर कठड्याचा भरवसा धरू नका. रात्री वाघळाच्या, पाकोळीच्या मागे उडी मारतात. खिडक्या रात्री उघड्या ठेवतो आपण, तिथं पक्की जाळी हवी. मच्छरदाणीची वेल्क्रो जाळी मांजराच्या धक्क्यानं सुटते.

टेरेसखालची

ठरवलंय ते लिहिते. ओट्याखाली फरशीचा तुकडा, वाळ्याचा पडदा सासूबाईंना चक्क आवडला (वास येतो म्हणून), एसीच्या दाराला पाचर. मातीच्या परळी आज आणल्या, चिंगी आल्या आल्या एकीत बसली. आता शेवटचा प्रश्न. मन्याचं लसीकरण पुढच्या आठवड्यात आहे, दवाखाना आमच्यापासून रिक्षानं पंचवीस मिनिटं. मेमध्ये न्यावं की पुढे ढकलावं?

निवृत्त_पशुवैद्य

लस किती दिवस लांबवलेली चालेल ते तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारा. मोठ्या, घरातच राहणाऱ्या बोक्याचा वार्षिक डोस थोडा पुढे गेला तर सहसा चालतं, पिल्लाचे पहिले डोस मात्र लांबवू नयेत. न्यायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. चारी बाजूंनी जाळीची पेटी घ्या, प्लास्टिकची बंद पेटी नको. खाली ओलसर टॉवेल, बाजूला फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, पण त्याला तिच्यापासून लांब सरकता यायला हवं. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका. वेळ आधी ठरवून घ्या म्हणजे बाहेरच्या बाकावर ताटकळणं नको. चारचाकीनं गेलात तर 'दोनच मिनिटं' म्हणूनही बंद गाडीत ठेवायचा नाही.

गोचीड-पिसवांचं औषध त्याच वेळी विचारून घ्या. कुत्र्याचं, पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावायचं नाही, झटके येतात.

शेळगीचा_उनाड

ताई, रिक्षावाल्याला आधीच सांगा मांजर आहे म्हणून. आणि पडदे लावलेली रिक्षा बघा, सात रस्त्याला सिग्नलवर ऊन सरळ आत येतंय.

पत्रातालीमकर

बरं, मोरीत शहाबादी आहे आमच्या. जिन्याखाली पाणी ठेवतो आजपासून. मातीचीच परळ पाहिजे का, स्टीलची चालती?

बोक्याचीआई

स्टीलची चालते काका, सावलीत असली की. फक्त दुपारी एकदा पाणी बदला.